तपासले, ठीक

माणूस सर्वांत जास्त खोटे कुठे बोलतो, असे विचारले तर कोणी कोर्टाचे नाव घेईल, कोणी निवडणुकीच्या सभेचे, आणि ज्यांनी मुलामुलींची लग्ने जमवली आहेत ते बैठकीचे घेतील. मला हे मान्य नाही. कोर्टात समोर वकील असतो, सभेत विरोधी पक्षाचे दोन-चार लोक मागे उभे असतात, आणि लग्नाच्या बैठकीत मुलीची आत्या असते. म्हणजे खोटे बोलणाऱ्याला कोणाचा ना कोणाचा धाक असतोच. पण जिथे धाक नाही, साक्षीदार नाही आणि खोटे बोलायला तोंडसुद्धा उघडावे लागत नाही, अशी जगात एकच जागा आहे. ती म्हणजे तपासणीच्या तक्त्यातला शेवटचा रकाना.

हा तक्ता तुम्ही नक्की पाहिलेला आहे. स्वच्छतागृहाच्या दारामागे तो टांगलेला असतो. दर तासाला स्वच्छता केल्याची वेळ आणि सही. सकाळी सातला आत गेलेल्या माणसाला तिथे संध्याकाळी पाचपर्यंतच्या सह्या वाचायला मिळतात. आग विझवायच्या लाल नळकांड्याच्या गळ्यातही असेच एक कार्ड असते. बारा महिन्यांच्या बारा सह्या, पण पेन एक, शाई एक, अक्षराचा कलही एक. गुरुचरित्राचे पारायण लोक सात दिवसांत करतात. हे वर्षाचे पारायण एका बैठकीत उरकलेले असते. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘ठीक’, ‘ठीक’, ‘ठीक’. पहिला ‘ठीक’ तेवढा वाचता येतो. त्याखालच्या अकरा ओळींत त्याचा हळूहळू गांडूळ होत गेलेला असतो.

मी या विषयाकडे वळलो तो कंबरेमुळे. बँकेच्या खुर्चीत वीस वर्षे बसून माझ्या कंबरेने एक दिवस संप पुकारला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “पोहा.” क्षणभर मला वाटले, ते नाश्त्याबद्दल बोलताहेत. तेव्हापासून मी आमच्या गावच्या नगरपालिकेच्या तलावावर सकाळी साडेसहाच्या बॅचला जातो. जातो असे म्हणतो, पोहतो असे म्हणत नाही. चार फुटांच्या भागात कठडा धरून पाय मारणे याला पोहणे म्हणायचे की नाही, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. मात्र कठडा धरलेल्या माणसाला इकडेतिकडे बघायला वेळ भरपूर मिळतो, आणि त्या वेळात मला मामा दिसले.

मामा म्हणजे तलावावरचे जीवरक्षक. पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले आमचे निवृत्त हेडमास्तरही म्हणतात. मामांच्या उंच खुर्चीशेजारी भिंतीच्या सावलीत एक ऑक्सिजनचा सिलिंडर साखळीने बांधून उभा असतो. अंग काळे, खांदे पांढरे. आपल्याकडे औषधी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा हाच ठरलेला रंग आहे. लांबून पाहिले तर काळ्या कोटावर पांढरा मफलर घेतलेला वकील अशिलाची वाट पाहत उभा आहे, असे वाटते. अशील मात्र येत नाही. मामा या तलावावर अकरा वर्षे आहेत आणि या अकरा वर्षांत तो सिलिंडर माणसासाठी एकदाही वापरावा लागलेला नाही.

आणि तरीही मामा रोज सकाळी तो तपासतात. तेही कसे? आल्यावर आधी हात साबणाने धुऊन कोरडे करतात. पूजेला बसणाऱ्या माणसाइतकेच, किंबहुना थोडे जास्तच. याचे कारण मला एकदा कळले. मी अंगाला खोबरेल चोपडून आलो होतो आणि कुतूहलाने सिलिंडरकडे हात नेला, तर एरवी न बोलणारे मामा लांबून ओरडले, “साहेब, तेलाचा हात लावायचा नाही!” आपल्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर एकच उपचार असतो. दाराच्या बिजागरीला तेल, सायकलच्या चेनला तेल, रडणाऱ्या मुलाच्या टाळूला तेल. ऑक्सिजनची चावी जड फिरते म्हणून एखाद्या भल्या शिपायाने तिच्यावर दोन थेंब सोडले, तर मात्र पंचाईत. एवढ्या दाबाने येणाऱ्या शुद्ध ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीस भेटले की काडी न ओढताही पेट घेऊ शकतो. म्हणून चावीसुद्धा एकदम फिरवायची नाही, हळूहळू फिरवायची. सौजन्याने माणूस मरू शकतो, हे मला त्या दिवशी समजले.

मग मामा काट्याकडे वळतात. काटा काय, लांबूनही दिसतो, असे मी म्हणालो. मामा म्हणाले, “काटा खोटं बोलतो ना कधी कधी.” सिलिंडरची चावी बंद केली तरी रेग्युलेटरमध्ये थोडा दाब अडकून राहतो आणि काटा कालचाच आकडा दाखवत बसतो. मागचा माल संपला तरी दुकानाची पाटी तशीच राहावी, तसे. म्हणून मामा आधी अडकलेली हवा सोडून देतात, काटा शून्यावर येऊ देतात, आणि मग चावी उघडून खरा आकडा बघतात. भरलेला सिलिंडर दीडशेच्या आसपास दाखवतो. मग चावी पुन्हा बंद करून मिनिटभर काट्याकडे टक लावून उभे राहतात. काटा जागचा हलला नाही तर गळती नाही. हे मिनिट मी घड्याळ लावून मोजले आहे. ते खरोखर साठ सेकंदांचे असते. सरकारी कामात साठ सेकंदांचे मिनिट मी प्रथमच पाहिले.

मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला त्या काट्याचे गणित फार आवडले. त्या सिलिंडरच्या पोटात दहा लिटर पाणी मावेल एवढी जागा आहे. दाब १५०. दहा गुणिले दीडशे, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन. बुडून बाहेर काढलेल्या माणसाला मिनिटाला १५ लिटर दिला, तर १०० मिनिटे पुरेल. काटा ७५ वर असेल तर ५० मिनिटे. १०८ ची गाडी आमच्या बाजारपेठेतून कशी येते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दोन आकड्यांमधला फरक वेगळा सांगायला नको. म्हणजे काटा हे त्या खात्याचे पासबुक आहे. घरच्या गॅसला ही सोय नाही. त्यात आत द्रव असतो आणि तो संपत येईपर्यंत दाब काही उतरत नाही. त्यामुळे आमची सौभाग्यवती सिलिंडरला ओला फडका गुंडाळून, कुठपर्यंत वाळले ते बघून शिल्लक काढते. आणि तरीही गॅस पाहुणे आल्यावरच जातो.

काट्यानंतर मास्क, मोठ्यांचा आणि लहान मुलांचा. मग चावी साखळीला आहे ना, ते पाहणे. मग ती रबरी पिशवी, जी दाबून तोंडावरच्या मास्कमधून श्वास देतात. सोडली की ती आपली आपण फुगते. डेन्मार्कच्या रुबेन नावाच्या भूलतज्ज्ञाने आणि हेसे नावाच्या इंजिनियरने ती तयार केली आणि १९५६ साली ती बाजारात आली. मामा तिचे तोंड तळहाताने बंद करून ती दाबतात. हवा निसटली नाही तर पिशवी चांगली. रबराचा स्वभाव असा की वापरले नाही तरी ते कुजते. पुष्कळ माणसांचेही असेच होते, पण तो विषय वेगळा.

बुडण्याबद्दलचे आमचे सारे ज्ञान सिनेमातून आलेले. नायिकेला बाहेर काढायचे, पोट दाबायचे, तोंडातून कारंजे उडाले की तिने डोळे उघडून “मैं कहाँ हूँ” विचारायचे. मामांनी ते एका वाक्यात निकालात काढले, “पोट दाबायचंच नाही साहेब, त्याला पाणी काढून नको, हवा पाहिजे.” आपल्याभोवतीच्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के. फुंकून दिलेल्या श्वासात सोळा-सतरा टक्के, आणि त्यावरही माणूस वाचतो. सिलिंडर जोडला तर हे प्रमाण शंभराच्या जवळ नेता येते. (२१ टक्के हा दर फुकट मिळतो म्हणून आपल्याला त्याची किंमत नाही. आमच्या बँकेने मुदत ठेवीवर जाहीर केला, तर लोक खिडक्या तोडून आत येतील.) २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ही किंमत सगळ्यांना कळली होती. त्या दिवसांत ज्यांनी सिलिंडरसाठी रात्रभर फोन फिरवले, त्यांच्यापुढे मी या विषयावर विनोद करत नाही.

तर प्रश्न असा. अकरा वर्षे, सुट्ट्या सोडून साडेतीन हजार वेळा तरी हा विधी झाला. वापर शून्य. मग मामांनी अकरा वर्षे नेमके काय केले?

पोहून झाल्यावर तलावाबाहेरच्या टपरीवर आमची चहाची बैठक बसते, तिथे मी हा प्रश्न टाकला. आमच्यात एक सीए आहेत. त्यांनी खिशातून मोबाईल काढून हिशेब केला. “रोज पाच मिनिटं धरा. साडेतीन हजार दिवसांचे जवळजवळ दोनशे नव्वद तास. आठ तासांच्या हिशेबानं छत्तीस दिवसांची पगारी ड्यूटी. त्यात सापडलं काय?” हे मी मामांना आधीच विचारून ठेवले होते. चार वेळा सापडले होते. एकदा वॉशर गेल्यामुळे गळती. एकदा कुठल्या तरी पोराने खेळताना चावी फिरवून ठेवल्यामुळे काटा चाळिसावर. एकदा लहान मुलांचा मास्क गायब, आणि एकदा पिशवीचे रबर चिकटलेले. “म्हणजे आठवड्यातून एकदा बघितलं तरी चारही सापडलं असतं,” सीए म्हणाले, “आणि त्या चार वेळाही कुणी बुडालं नव्हतंच.”

हेडमास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवून गीता काढली. फळाची अपेक्षा न धरता कर्म करणारा माणूस पाहायचा असेल तर मामांकडे बघा, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला हे छान वाटते, पण माझे मन त्यात रमेना. कारण मामांना फळाची अपेक्षा नाही असे नाही. फळ मिळूच नये अशी त्यांची पक्की इच्छा आहे! असा कर्मयोग अर्जुनालाही सांगितलेला नाही.

मग मी दुसऱ्या बाजूने विचार करून पाहिला. समजा, शेजारच्या गावात असाच एक तलाव आहे आणि तिथले मामा काही न तपासता रोज ‘ठीक’ लिहितात. तिथेही अकरा वर्षांत कोणी बुडाले नाही. दोघांची वही सारखी, पगार सारखा, निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळही सारखेच. वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठल्याही ऑडिटरला फरक सांगता येणार नाही. उलट न तपासणाऱ्याची वही अधिक नीटनेटकी असेल, कारण हात ओले नसतात. मग यांच्यात फरक आहे की नाही? आणि असलाच तर तो कुठे आहे?

आमच्या धंद्यात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण आमच्याकडे संध्याकाळ असते. दिवसभर कोणी काहीही लिहो, रोख मोजली की ताळा लागतो किंवा लागत नाही. पन्नास रुपये जमत नाहीत म्हणून आम्ही रात्री आठपर्यंत बसलो आहोत. बँकवाले प्रामाणिक असतात असा जो गैरसमज आहे, त्याचे श्रेय पुष्कळसे या संध्याकाळीला आहे. आज मारलेली थाप आजच सापडते म्हटल्यावर माणूस आपोआप सरळ वागतो. ऑक्सिजनच्या वहीला संध्याकाळ नाही. तिचा ताळा अकरा वर्षे लागत नाही, आणि लागायचाच तर एखाद्या दुपारी, चार मिनिटांत लागतो.

चेकचे उदाहरण घ्या. खात्यात पैसे नसताना दिलेला चेक परत आला, तर कलम १३८ खाली तो गुन्हा होतो. पण चेक परत येईपर्यंत कायदा गप्प असतो. ज्याने चेक घेतला तो मात्र त्याच दिवसापासून निर्धास्त झोपतो. तलावावर सकाळी आठच्या बॅचला लहान मुले येतात. त्यांच्या आया बाकावर बसून भाजी निवडतात, मोबाईल बघतात, जावांविषयी बोलतात. पाण्याकडे पाठ करून बसतात. ही पाठ मला फार महत्त्वाची वाटते. त्या बायकांनी वही कधी उघडलेली नाही, काटा त्यांना ठाऊक नाही. पण मामांच्या सहीवर त्या रोज तासभर निर्धास्त खर्च करतात. शेजारच्या गावातल्या बायकाही तेवढ्याच निर्धास्त असतात. फक्त त्यांच्या चेकमागे शिल्लक नाही.

हे मी टपरीवर मांडले तेव्हा सीए म्हणाले, “अहो, उद्या पैसे भरू म्हणून आज चेक देणारे हजारो आहेत. वेळेवर भरतात, चेक वटतो, कुणाचं काय जातं?” मुद्दा बिनतोड होता. पण त्या लोकांना चेकवरची तारीख माहीत असते. इथे तारीख घालायचा अधिकार पाण्याकडे आहे.

हा वाद टपरीवरच राहिला असता, तर मी तो विसरूनही गेलो असतो. पण गेल्या उन्हाळ्यात एक प्रकरण झाले. सिलिंडरच्या खांद्यावर धातूत ठोकलेल्या तारखा असतात. अशा सिलिंडरची दर पाच वर्षांनी चाचणी करावी लागते, तसा नियम आहे. २०१६ चे गॅस सिलिंडर नियम म्हणून आहेत, आणि ते सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. चाचणीत सिलिंडर पाण्याने भरतात, पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि आत दाब देऊन तो किती फुगतो ते मोजतात. म्हणजे बुडालेल्या माणसासाठी ठेवलेल्या सिलिंडरला दर पाच वर्षांनी स्वतः नाकातोंडात पाणी जाईपर्यंत बुडून दाखवावे लागते. तर मामांनी ती तारीख पाहिली आणि मुदत संपत आल्याचे लेखी कळवले. तलाव ठेकेदाराकडे आहे. ठेकेदाराने कुरकुरत सिलिंडर पाठवला आणि बदली काही दिला नाही. सिलिंडर नऊ दिवस आला नाही.

त्या नऊ दिवसांत मामांनी वहीत रोज लिहिले, “सिलिंडर चाचणीस गेला आहे. जागेवर नाही.” आणि खोल भागावर दोरी बांधली.

मग जो गहजब झाला तो काय सांगावा! ऐन मे महिना. बारा फुटांत सूर मारणारी आमची सगळी सज्जन मंडळी, डॉक्टर, वकील, सीए, दोरीजवळ उभी राहून मामांना कायदा शिकवू लागली. मी चार फुटांच्या पुढे जात नसल्यामुळे या लढ्यात तटस्थ होतो आणि कठडा धरून दोन्ही बाजू नीट ऐकू शकलो. “पिशवी आहे ना? ती हवेवर चालते ना?” एकांनी विचारले. मामा म्हणाले, “चालते.” “मग?” “मी रोज ठीक लिहितो, त्याच्या जोरावर तुम्ही उतरता. ज्या दिवशी ठीक नाही, त्या दिवशी कसं उतरवू?” ठेकेदाराच्या सुपरवायझरने मामांना बाजूला घेतले, पण त्याचा आवाज असा की बाजूला नेऊन काही उपयोग नसतो. “मामा, एवढं खरं लिहायची काय गरज होती? पुढच्या आठवड्यात पालिकेची तपासणी आहे. नुसतं ठीक लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं?” मामांनी विचार करून प्रामाणिकपणे सांगितले, “कुणालाच नाही.”

दहाव्या दिवशी सिलिंडर आला, खांद्यावर नवी तारीख ठोकून. दोरी सुटली. सीए सूर मारून वर आले आणि पाणी पुसत म्हणाले, “बघा मामा, नऊ दिवसांत कुठे काय झालं?”

“अकरा वर्षांतपण काही झालं नाही साहेब,” मामा म्हणाले आणि खुर्चीवर चढले.

यात सीएंचा मुद्दा खोडला गेला की सिद्ध झाला, यावर टपरीवर दोन दिवस चर्चा झाली. हेडमास्तरांच्या मते खोडला गेला. सीएंच्या मते मामांनी त्यांचाच मुद्दा मोठ्या आकड्यात मान्य केला. मला विचाराल तर मामांनी मुद्दा मांडलाच नव्हता. त्यांना पाण्याकडे बघायचे होते आणि आम्ही मध्ये उभे होतो.

ठेकेदाराने मात्र या प्रकरणातून धडा घेतला. पुढच्या महिन्यात त्याने तपासणीची नवी वही छापून आणली. कागद चांगला, रेघा सुबक, आणि कर्मचाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीवर ‘ठीक’ आधीच छापलेले. फक्त सही करायची. मी ती वही मुद्दाम जाऊन पाहिली. मामा रोज सकाळी काटा बघतात, मिनिटभर थांबतात, पिशवी दाबतात, मग ओला हात पंचाला पुसून छापलेला ‘ठीक’ एका रेघेने खोडतात आणि त्याच्या शेजारी, जागा अपुरी पडते म्हणून जरा तिरक्या अक्षरात, आपल्या हाताने लिहितात, ‘ठीक’.